धाकट्यासाठी साक्ष

धाकट्याला घरात सगळे साहेब म्हणायचे. तो बँकेत होता म्हणून नव्हे, तर लहानपणापासून त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात लागायचा म्हणून. या साहेबांना परदेशातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात एमबीएला प्रवेश मिळाला आणि घरात आनंदीआनंद झाला. तो पुरता साजरा होतोय न होतोय तोवर दुसरी मेल आली. प्रवेश अजून पक्का नव्हता. अर्जात लिहिलेलं खरं की खोटं, हे कॉलेजनं नेमलेली एजन्सी फोन करून तपासणार होती.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. थोरली बहीण समोरच बसली होती.

"काय लिहून ठेवलंयस रे?" ताईनं विचारलं.

लिहिलं होतं ते असं. वडिलांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना बुडायला आला होता. सुट्टीच्या दिवशी तिथं राबून मी तो वर काढला. जे कातरण रद्दीत जायचं, त्यातून बाटल्यांच्या खोक्यात बसवायचे कप्पे मी तयार केले आणि त्याला गिऱ्हाईकही मीच मिळवलं.

"वा रे वा! आयत्या बिळावर नागोबा," ताई म्हणाली.

कारण यातलं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं तिनं केलं होतं. त्या काळात साहेब कारखान्यात आलेच असतील, तर आपली मोटारसायकल धुवायला.

"अगं, ते विचारतात, तुम्ही पुढाकार घेऊन काय केलंत? बँकेत मी काय घेणार पुढाकार? चहाला चला, एवढं म्हणतो फार तर. आणि तुला कुठं अर्ज करायचाय? तुझं नुसतं पडूनच होतं ना?"

पण फोन बाबांना येणार होता आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. बाबा म्हणजे एक घाव दोन तुकडे. 'आमची खोकी ओलीत टिकायची नाहीत, दुसरीकडून घ्या,' असं गिऱ्हाईकाला तोंडावर सांगणारा माणूस. त्यांना पढवायचं काम अर्थातच ताईच्या गळ्यात पडलं. भाऊ पडला, टाकून थोडाच देणार?

तिचं स्वतःचंही एक अडलेलं होतं. ते कप्पे घेणाऱ्या बाटल्यांच्या कंपनीचे मालक केव्हापासून तिच्या मागे लागले होते, आमचा पॅकिंग विभाग तुम्ही सांभाळा म्हणून. ती आज सांगते, उद्या सांगते करत होती. बाबांनी एकदा म्हणावं, 'कारखाना आता तूच बघ.' तेवढंही नको, नुसतं 'बरं केलंस' म्हटलं तरी ती जन्मभर तिथं राबली असती. पण चूक झाली की बाबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि काम चांगलं झालं की ते मूग गिळून बसायचे. तरी ही आपली वाट बघत होती. खुळीच म्हणायची.

"बाबा, त्यांनी विचारलं तर धाकट्यानं केलं म्हणून सांगा."

"खोटं सांगू?"

"हो, खोटंच."

"बघू," बाबा म्हणाले आणि पुठ्ठे मोजायला निघून गेले.

फोन कामाच्या वेळेतच आला. ताईनं कापायचं मशीन बंद करायला लावलं, बाबांना केबिनमध्ये बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. साहेब दाराशी नखं खात उभे राहिले. पलीकडची बाई मोठी गोड बोलत होती, आणि तीही आपल्याच भाषेत.

"कप्प्यांची कल्पना नक्की कोणाची होती?"

बाबांनी खरं सांगून टाकावं, असं ताईच्या मनात आलं. जाऊ दे प्रवेश गेला तर! एकदा कानावर तरी पडू दे. असं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली.

"मुलाची," बाबा म्हणाले. जराही अडखळले नाहीत.

"थोडं सविस्तर सांगता?"

"कातरणाच्या ढिगात फतकल मारून बसायचा. जेवणाची शुद्ध नसायची. कात्रीनं अंगठ्याला घट्टा पडला, तो अजून गेलेला नाही. कामगार हसायचे. मीही हसलो. त्या बाटल्यांच्या कंपनीत नुसतं बाहेर बाकावर बसवून ठेवायचे आणि परत पाठवायचे. हा पुन्हा जायचा. एकदा दाखवतानाच बाटली फुटली. त्या दिवशी घरी आला आणि बाथरूमचा नळ सोडून रडला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. मी बाहेरच उभा होतो. पुढच्या खेपेला मालकांसमोर भरलेलं खोकं टेबलावरून खाली टाकलं. एक बाटली फुटली नाही. बाई, तो नसता तर मी केव्हाच कुलूप लावलं असतं. माझ्यापेक्षा हुशार आहे आणि माझ्यापेक्षा चिवट."

"नशीबवान आहात," बाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

साहेबांनी बाबांना मिठी मारली, ताईच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मित्रांना फोन लावत ते बाहेर पळाले. ताई होती तिथंच उभी होती. तिला इतका आनंद झाला होता आणि इतका संताप आला होता, की आधी कशाचं काय करावं हे तिला कळेना.

"तुम्ही हे सगळं बघत होतात?"

"मग? डोळे फुटलेत का माझे?"

"मला कधी एका शब्दानं म्हणाला नाहीत."

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला. "तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं की."

"नव्हतं माहीत. मला वाटायचं, तुम्हाला दिसतच नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण दिसत होतं आणि तरी बोलला नाहीत. हे नाही चालत, बाबा."

बाबा चष्माच पुसत राहिले. ताईनं जरा वेळ वाट पाहिली. मग तिथंच, त्यांच्यासमोर, तिनं बाटल्यांच्या कंपनीच्या मालकांना फोन लावला आणि येत्या पहिल्या तारखेपासून येते म्हणून सांगून टाकलं.

"अगं, पण मग इथलं कोण बघणार?" बाबा उठून उभे राहिले.

बाहेर साहेब कोणाला तरी सगळी हकीकत रंगवून सांगत होते. ताईनं तिकडे बोट केलं.

"ज्यानं केलं, त्याला विचारा."