पिशवी पांघरलेला फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. कातडी सोलवटली, शिवण उसवत चालली. पण हवा अजून टिकून आहे बरं का!

एका मावशींनी मांडीवर घेऊन मला टाका-टाका घालून शिवलं. तिथून मी खेळाचे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात आलो. काय दिवस होते ते! अंतिम सामन्यात मी जाळ्यात शिरलो, तेव्हा मुलांनी माझे मुके घेतले होते. पुढे चकचकीत चेंडू आले आणि माझी रवानगी कपाटात, फाटक्या गाद्यांखाली झाली.

एकदा शिकाऊ शिक्षकांचे परीक्षेचे पाठ होते. त्यातल्या एकाला सगळे 'तुफान' म्हणत. त्याच्यासमोर शाळेची मुलं, मागे खुर्चीत त्याला गुण देणाऱ्या कॉलेजच्या बाई. मुलांमधल्या एका मुलीला दिसत नव्हतं. तुफान गडबडला.

"तू इथे बस हं. गोल झाला की टाळ्या वाजव."

"टाळ्या मी घरीही वाजवते, सर," ती म्हणाली. "मला खेळायचंय."

 तुफानने बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तिला विचार की!"

तो तिच्याजवळ जाऊन बसला. "काय केलं तर तुला खेळता येईल?"

"चेंडूचा आवाज आला पाहिजे. आणि गोल कुठेय ते कळलं पाहिजे."

तुफान कपाटाकडे धावला. नवे चेंडू दुसऱ्या गटाने नेले होते, म्हणून मीच हाती लागलो. त्याने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. असला अवतार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जमिनीवर गडगडलो मात्र, आणि अशी खसफस झाली म्हणून सांगू!

गोलरक्षक टाळ्या वाजवू लागला. बाकी सगळे चिडीचूप. मुलीने कान टवकारले, ती वळली आणि तिने पायाने मला अचूक अडवलं. तिच्या पहिल्या लाथेला मी थेट बाईंच्या खुर्चीवर आदळलो!

"गोल?"

"नाही गं, बाई!" तुफान म्हणाला आणि सगळे खो खो हसले. ती सर्वांत जास्त.

दुसऱ्या लाथेला मात्र मी जाळ्यात. मग काय विचारता! मुलांनी तिला उचलून घेतलं. परीक्षा, गुण सगळं विसरून तुफान मैदानभर नाचला. आता प्रत्येक शिकाऊ शिक्षक पहिल्या पाठाला मलाच मागतो.

मित्रांनो, आम्हा चेंडूंना पुसून सावलीत ठेवत जा. आणि खेळायला कोण कोण हवं ते ठरवताना कुणालाही परस्पर वगळू नका. आधी त्यालाच विचारा, "कसं खेळू या?"