तेराव्या महिन्यातली मुलाखत

बसस्टॉपवर चर्चमधले ताफेसेकाका आधीच येऊन उभे आहेत हे पाहताच येशी थबकली. यांना बोलावलं कुणी?

"चल पोरी. अशा जागी एकटीने जायचं नसतं," काका म्हणाले.

"तुमचं काय काम तिथे?"

"काही नाही गं. बसेन बाहेर."

म्हणे बसेन बाहेर! गेले तीन रविवार चर्चमधून निघताना हाच माणूस तिला गाठत होता. मुलाखत कधी? अर्ज कुणी भरला? तिकडच्या अटकेचं साल कुठलं घातलंस? दुसऱ्याच्या अटकेचं माणसाला एवढं कौतुक कशाला? अदिस अबाबात कुठल्या गल्लीत कुणाचे कान आहेत ते ओळखून तोंड उघडावं लागे. ती सवय व्हर्जिनियात येऊनही सुटली नव्हती. बारा वर्षांपूर्वी तिचा आश्रयाचा अर्ज काकांनीच इंग्रजीत लिहून दिला होता, तोही फुकट. तेव्हा तिने त्यांच्या पायांना हात लावला होता. आता वाटत होतं, फुकट का?

तिकडे देब्रे बिरहानला तिची आई एकटी होती. दोन्ही डोळे अधू झालेले. येशीला इथलं नागरिकत्व मिळालं तरच आईला इकडे आणता येणार होतं. म्हणून आजच्या मुलाखतीत एक शब्दही वावगा जायला नको होता. बसमध्ये तिने पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली आणि काकांशी चकार शब्द बोलली नाही.

कचेरीत केसलर नावाच्या अधिकाऱ्याने तिला आत घेतलं. परीक्षेचे प्रश्न तिने मरियमच्या स्तोत्राच्या चालीवर पाठ केले होते. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, असं विचारताच "राज्यघटना" हे उत्तर सुरातच बाहेर पडलं. मानही डोलली.

"गाताय का तुम्ही?"

"नाही साहेब, आठवतेय."

सहाच्या सहा उत्तरं बरोबर आली. मग केसलरने जुनी जाडजूड फाईल उघडली आणि त्याचा आवाज बदलला.

"तुम्हाला अटक कधी झाली?"

"दोन हजार पाच साली. विद्यार्थ्यांच्या मोर्चात."

"आश्रयाच्या अर्जात एकोणीसशे अठ्ठ्याण्णव आहे. तेव्हा तुम्ही तेरा वर्षांच्या होता. खरं कुठलं?"

येशीने मागे वळून दाराकडे पाहिलं. काकांनीच घातलं ते! मुद्दाम! म्हणूनच साल विचारत होते. नाव घेऊन टाकावं त्यांचं, की यांनी फसवलं म्हणून. पण तो दिवस तिला आठवला. काका विचारत होते, ती रडत रडत सांगत होती आणि ते लिहून घेत होते. साल तर तिच्याच तोंडून गेलं होतं.

"दोन्ही खरीच आहेत, साहेब. आमचं वर्ष तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. मी आमचं साल सांगितलं, अर्ज लिहिणाऱ्यांनी तसंच उतरवलं."

"मग जन्मसाल कसं बरोबर?"

"ते पासपोर्टवरून घेतलं."

केसलर तिच्याकडे रोखून पाहत राहिला. "आज तुमच्याकडे काय तारीख आहे?"

"पाग्मेची तीन. तेरावा महिना, पाचच दिवसांचा. देवदूत राफाएलचा सण. परवा वर्ष संपतं."

त्याने संगणकावर शोधलं, पुन्हा शोधलं. भुवया वर गेल्या. "ज्यांनी अर्ज लिहिला त्यांचं लेखी हवं. पण बारा वर्षांनी तो माणूस सापडणार कुठे?"

काका खरोखरच कुणाचे कान असले तर? आत येऊन भलतंच बोलले तर? तिने मनात मरियमचं नाव घेतलं.

"बाहेर बसलेत," ती म्हणाली.

काका आत आले ते टोपी काढून, गुन्हेगारासारखे. विचारण्याआधीच म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब. साल बदलून लिहायचं राहिलं. गेल्या महिन्यात आमच्या चर्चमधल्या मुलुगेताचा मीच लिहिलेला अर्ज अशाच सालावरून अडकला, तेव्हा कळलं."

"मग मला सांगितलं का नाही?" येशी आपल्या भाषेत उसळली.

"शरम वाटली गं. शिवाय म्हटलं, तू माझं नाव सांगून मला अडकवशील."

"मी? अहो, मी तर तुम्हाला सरकारचा हेर समजत होते!"

"मला? सकाळी घरातला चष्मा सापडत नाही मला!"

"काय चाललंय तुमचं?" केसलरने टेबलावर बोट आपटलं. "इंग्रजीत बोला."

काकांनी कबुली लिहिली, सही केली. केसलरने ती दोनदा वाचली, आत कुणाला तरी दाखवून आणली आणि येशीपुढे एक कागद सरकवला. अर्ज मंजूर झाला होता. शपथविधी पुढच्या महिन्यात होता.

कचेरीच्या पायरीवर बसूनच तिने आईला फोन लावला.

"आई, आता तुला इकडे आणता येईल."

पलीकडे दार लावल्याचं ऐकू आलं. मग आईने आवाज खाली केला. "कशावर सही तर नाही ना केलीस? कागद नीट वाचलास?"

"मी वाचला. काकांनीही वाचला."

"कोण काका? कुणाचा माणूस आहे तो?"

येशीने शेजारी पाहिलं. काका टोपीने डोळे पुसत होते.

"आपलाच आहे, आई."