आधी तू घे

मास्तरांनी बिअरच्या टाकीचा नळ सोडला, तिन्ही ग्लास तिरके धरून भरले आणि टेबलावर ठेवले. शेवटचा ग्लास ठेवताना फेस बोटांवर ओघळला. त्यांनी बोटं पँटला पुसली आणि टाकीशेजारच्या भिंतीला टेकून उभे राहिले. यजमानाने स्वतःच्या बिअरला तोंड लावायचं नाही आणि पाहुण्यांचं बोलून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असा सोमवारचा नियम होता.

सोमवारी किनाऱ्यावरच्या तिन्ही ब्रुअऱ्या बंद असत. सुट्टीला आलेली गर्दी रविवारी संध्याकाळीच पांगलेली असे आणि रस्त्यावर तिने मागे ठेवलेली वाळू तेवढी उरलेली असे. त्या दिवशी ज्याची टाकी तयार असेल त्याच्याकडे बाकीचे जमत, चाखत आणि दोष तोंडावर सांगत. बाहेर त्यातला एक शब्द जात नसे. मास्तर या धंद्यात नवे होते. शाळेतली नोकरी सोडून ते बिअरच्या मागे लागले होते आणि त्यांच्या पहिल्या दोन टाक्या गटारात गेल्या होत्या. ही तिसरी होती.

"आधी तू घे," दुसऱ्या ब्रुअरीच्या नाकोबाला त्याची बायको म्हणाली.

"नको, आज तू सुरुवात कर."

"नाक तुझं आहे बाबा. तूच घे."

"अरे, औषध आहे का ते?" पलीकडून कप्तानीण म्हणाली. "घ्या की कुणीतरी."

कप्तानीण तिसऱ्या ब्रुअरीची मालकीण. उमेदीची वर्षं तिने प्रवासी बोटी चालवण्यात घालवली होती आणि अजूनही ती समोरचा माणूस पलीकडच्या बोटीवर असल्यासारखी बोलायची. लेकीच्या बाळंतपणासाठी ती चार महिने परगावी होती, कालच परतली होती. तिला पाहिल्यापासून नाकोबा तिची नजर चुकवत होता.

नाकोबा हे नाव त्याला गावाने दिलं होतं. टाकीचं झाकण निघायच्या आधीच आत काय बिनसलंय ते हा सांगतो, अशी त्याची ख्याती. बायकोची जीभही तशीच तयार. बोलायला नव्हे, चाखायला. तो वास सांगायचा, ती चव सांगायची आणि दोघांचं जुळलं की माल बाहेर पडायचा, असा त्या घरचा कारभार. मग तीन महिन्यांपूर्वी घरात ताप शिरला. आधी बायको आडवी झाली, दोन दिवसांनी हा. ताप उतरल्यावर नाकोबा पहिल्यांदा टाकीवर वाकला, तर आत पाणी असावं तसा कसलाच वास येईना. भिजवून भाजलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा नाही, हॉप्सच्या कडू फुलांचा नाही, कशाचाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने आठवडे काढले.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्याला भीती वाटत होती. उभ्या आयुष्यात त्याला दुसरं काही आलं नव्हतं. नाक गेलं तर पिंपं धुण्यापलीकडे आपला उपयोग काय, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नव्हता. आणि मग त्याला वाट सापडली. बायको घोट घेई तेव्हा तो तिच्या चेहऱ्याकडे बघे. तिच्या भुवया सैल राहिल्या की तो डोळे मिटून मान डोलवी आणि म्हणे, "जमलंय." आजवर निभावलं होतं. मधूनमधून आपण तिला फसवतोय असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटायची, मग तो तिच्यासाठी उगाचच काहीतरी काम करायचा, भांडी घासायचा, पडदे धुवायचा.

शेवटी दोघांनी ग्लास एकदमच उचलले.

नाकोबाने ग्लास फिरवला, नाकाशी नेला, नेहमीसारखा रेंगाळला. घोट गार होता, जिभेला किंचित टोचला आणि घशाखाली उतरला, एवढंच त्याला कळलं. ग्लासाच्या काठावरून त्याने बायकोकडे पाहिलं. तीही त्याच्याचकडे पाहत होती. तिच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

"छान जमलीय," तो म्हणाला.

"हो ना," बायको लगेच म्हणाली. "अगदी गोल लागतेय, काही खटकत नाही."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नियम पाळायचा म्हणून ते काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरचं हसू त्यांना लपवता आलं नाही. नाकोबाला मनापासून बरं वाटलं. आज घरी गेल्यावर दोन दिवस तरी शांत झोप लागेल, असं त्याच्या मनात आलं.

कप्तानिणीने आता कुठे ग्लास तोंडाला लावला. घोट या गालातून त्या गालात फिरवला, मग उठली, कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेली आणि थुंकली.

"मास्तर, लोणी वितळवून ओतलंय का यात?" तिने तोंड पुसलं आणि नाकोबाकडे वळली. "आणि तुम्ही दोघं काय, छान, गोल? शेंबड्या पोरालासुद्धा कळेल हे. थट्टा चालवलीय का त्यांची?"

नाकोबाने पुन्हा ग्लास नाकाशी नेला. का नेला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मास्तरांनी त्या दिवशी नियम मोडला.

"थट्टा नाही मावशी," ते हळूच म्हणाले. "मी मुद्दामच तशी केलीय. या दादांची गेल्या महिन्यातली बिअर अशीच लागत होती. मला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय. पण म्हटलं, दादा-वहिनी दोघांच्या हाताखालून गेलेला माल, त्यात चूक कशी असेल? आपल्यालाच कळत नाही. मग मीही आंबणं पुरं व्हायच्या आधीच टाकी थंड केली, म्हणजे तो लोण्याचा वास आत राहतो." ते थांबले. "जमलं म्हणून खूश होतो मी."

कप्तानिणीने मास्तरांकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. "अरे देवा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली बोट कुठल्या कुठे गेली.

नाकोबाने बायकोकडे पाहिलं, कारण गेले तीन महिने अडलं की तो तिच्याकडेच पाहत आला होता. आणि त्याला दिसलं की तीही तेच करतेय. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, धावत, घाबरून, आणि ती नजर त्याला चांगलीच ओळखीची होती. गेल्या महिन्यात दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला होता. दोघंही शेजारच्या खोलीत बसलेले. धूर डोळ्यांना लागला तेव्हा दोघंही धावले, आणि तुझं लक्ष कुठे होतं म्हणून कुणीच कुणाला बोललं नव्हतं. तिने समजून घेतलं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तापापासून," ती म्हणाली. "तुझं?"

"तेव्हापासूनच."

"मी तुझ्याकडे बघून सांगत होते रे," ती म्हणाली. "तू डोळे मिटायचास ना, मला वाटायचं, याला येतोय वास, मग ठीक आहे. म्हटलं, माझी जीभ गेली हे कळलं तर तू एकटाच सगळं ओढत बसशील."

नाकोबाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं. त्याने यातलं काहीच केलं नाही. तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि आपल्या ग्लासाशेजारी ठेवला.

"मास्तर, ही बाहेर पाठवू नका," तो म्हणाला. "चूक तुमची नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी टाकीचा नळ घट्ट आवळला आणि त्याला टाळं लावलं.

कप्तानिणीने दाराशी जाऊन चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली. "तुमच्याकडे काय भरून ठेवलंय ते दाखवा मला."

नाकोबाची ब्रुअरी किनाऱ्याच्या रस्त्यालाच, चार दारं पुढे होती. आत गेल्यावर त्याने दिवा लावला, बायकोने धुतलेला ग्लास फडक्याने पुन्हा एकदा पुसला आणि त्याने मोठ्या टाकीचा नळ सोडला. फेस पांढराशुभ्र आला, रंग नितळ होता. डोळ्यांना दिसण्यासारखं सगळं उत्तम होतं. तो आणि बायको बाजूला सरकून उभे राहिले.

कप्तानिणीने घोट घेतला. या वेळी ती थुंकली नाही. गिळला, थोडा वेळ थांबली, आणि आणखी एक घोट घेऊन खात्री केली. मग ग्लास टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"तेच लोणी," ती म्हणाली. "यातली कुठे कुठे गेलीय?"

बायकोने किनाऱ्याच्या उत्तर टोकापासून एकेका हॉटेलाचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि जे ती विसरत होती ते नाकोबा सांगत होता.