चार अक्षरं

फक्कीची पांढरी रेघ साळूबाईच्या गोणपाटावरून सरळ पुढे गेली. रेघ मारणाऱ्या मजुराने आधी तिला उठायला सांगितले होते. ती उठली नाही, तेव्हा त्याने मेथीच्या जुड्या हाताने बाजूला सारल्या आणि फक्की टाकत तो कडुनिंबापर्यंत गेला.

“मावशी, हे समदं खोदायचंय. इथं वाफा व्हनार, पावसाचं पानी मुरवायला.”

“कुनी सांगितलं?” साळूबाई म्हणाली. तेवढ्यात पलीकडे पिशवी घेऊन उभे असलेले मधुसूदनराव तिला दिसले. “भाऊ, सांगा की ह्याला. आपल्या कागदात म्या हाये म्हनून.”

मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“असणारच,” ते म्हणाले. “मी विचारून येतो.”

कागद त्यांनीच लिहिला होता. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेला माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. रस्ता चिकलठाण्याच्या कारखान्यांमागचा. पाऊस पडला की पिठाच्या गिरणीसमोर तळे साचायचे, एरवी धूळ आणि बांधकामाचा राडारोडा. नव्या आराखड्यात दोन्ही कडांना खोलगट वाफे होते, त्यात गवत आणि देशी झाडे, म्हणजे पाणी गटारात न जाता तिथेच जिरेल. आराखडा करणारी नीरजा त्यांच्या घरी आली होती. “रहिवाशांना काय हवंय ते एका पानात लिहून द्या, काका. मी त्यावरच काम करीन.”

तीन दिवस ते लिहीत आणि खोडत होते. चौथ्या दिवशी मसुदा आणि सह्यांचा वेगळा कागद घेऊन साळूबाईकडे गेले. शाईची डबी उघडू लागले तेव्हा ती हसली होती.

“अंगठा नगं. नातीनं शिकवलंय नाव, आमच्या प्रेरणानं. चार अक्षरं हायेत, जरा दम धरा.”

जीभ दातांत धरून तिने चार अक्षरे काढली, वर वाकडीतिकडी रेघ दिली आणि विचारले, “ह्यात म्या हाये नव्हं?”

“आहात ना. वाचून दाखवू?”

“ऱ्हाऊ द्या. तुमी लिवलंय म्हनल्यावर.”

रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत नीरजा नकाशा पसरून उभी होती. वाटेत मधुसूदनरावांनी एक वाक्य चार वेळा मनात जुळवले होते. खोलीत शिरल्यावर ते न जुळवलेलेच बोलले.

“तुम्ही आम्हाला फसवलंत.”

नीरजाच्या हातातली पेन्सिल थांबली. “काका, मी? बसा तरी.”

“भाजीवाल्या साळूबाई. त्यांची जागा ठेवायचं आम्ही लिहून दिलं होतं.”

नीरजाने फाइलमधून त्यांचा कागद काढला आणि त्यांच्याकडे फिरवला. टंकलिखित, स्वच्छ, एकही चूक नसलेला. “हे बघा. ‘रस्ता वापरणारे – पादचारी, सायकलस्वार इत्यादी.’ मी फोन करून विचारलंही होतं, की इत्यादी म्हणजे कोण? तुम्ही म्हणालात, काही नाही, लिहिण्याची पद्धत असते.”

मधुसूदनराव त्या ओळीकडे बघत राहिले. मसुद्यात होते: पादचारी, सायकलस्वार, कडुनिंबाखाली पंचवीस वर्षे भाजी विकणाऱ्या साळूबाई, चहाची गाडी लावणारा बन्सी. मजकूर दुसऱ्या पानावर दोन ओळी जात होता. सह्या झाल्यावर, टंकायला देण्याच्या सकाळी, त्यांनी लाल पेनाने ती नावे काटली होती. नावे घातली की निवेदन घरगुती वाटते, असेही तेव्हा वाटले होते. एका पानात नेमके बसल्याचा त्यांना आनंद झाला होता.

“आता काही...?”

“मंजूर झालंय, काका. दोन महिने हरकतींसाठी लावलं होतं. कुणी काही बोललंच नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “प्रत देऊ का तुम्हाला?”

ते प्रत घेऊन परत आले. साळूबाईने गोणपाट रस्त्यापलीकडे, उन्हात मांडले होते. पालक आत्ताच मान टाकू लागला होता. ती त्यावर पाणी शिंपडत होती.

“काय म्हनली?”

“मंजूर झालंय म्हणते.”

“मंग आपला कागद?” तिने ओले हात पदराला पुसले. “दाखवा बरं. कुठं हाये माझं नाव?”

मधुसूदनरावांनी कागद तिच्यापुढे धरला. सांगायचे त्यांच्या ओठांवर आले होते. पण बोट आधीच ओळीवरून सरकत गेले आणि शेवटच्या शब्दाखाली थांबले.

“इथे,” ते म्हणाले.

साळूबाई वाकली. तिने शब्दावर नख ठेवले. एक. दोन. तीन. पुढे पूर्णविराम होता, त्यावरही तिचे नख क्षणभर थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मग ती सरळ झाली. त्यांच्या हातातून तिने कागद घेतला, मांडीवर पसरला, त्यांची रोजची कोथिंबिरीची जुडी त्यात ठेवली आणि नीट गुंडाळून पुढे केली.

“घ्या, साहेब.”