खोळीखालचे कातडे

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. एके काळी माझी किंमत तुमच्यापैकी बहुतेकांच्या घराहून जास्त होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी जरा तोऱ्यात बोलले तर तुम्हाला नवल वाटणार नाही. आज मी बंगळूरच्या कलासीपाळ्यात एका भंगारवाल्याच्या आवारात विटांवर उभी आहे. चाके गेली, दिवे गेले, मागच्या बाजूला कोंबड्या अंडी घालतात. तरी माझे दार एकदा लावून बघा. कसा भारदस्त आवाज येतो! त्या आवाजावर चांगली शहाणीसुरती माणसे भुलली. त्यांतल्या एकाची हकिगत मला सांगायची आहे. ती गोड नाही, आणि तिच्यात मीही काही चांगली वागलेली नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या गाद्यांचे कातडे सायीच्या रंगाचे, इतके मऊ की बोट टेकले तर खळी पडावी. सन एकोणीसशे एकोणपन्नासमध्ये मी जहाजातून मद्रासला उतरले आणि तिथून बंगळूरच्या दंडूत, म्हणजे गोऱ्यांच्या जुन्या छावणीत, एका साहेबाच्या बंगल्यावर आले. साहेब मोठ्या हुद्द्यावर होता आणि मला अगदी बैलगाडीसारखे वापरत असे. शिकारीचे कुत्रे मागे बसत, चिखलाचे बूट आत येत. बटलर मुकाट्याने सगळे पुसून काढी. मला साहेबाचा राग येई. आपल्याला कोणीतरी जपावे असे मला फार वाटे.

साहेबाचे सूट गुंडूराव शिवत. गुंडूराव म्हणजे चिकपेटेतले नावाजलेले शिंपी, तीन पिढ्यांची कात्री. कच्च्या शिवणीचा कोट घेऊन ते सायकलवरून बंगल्यावर येत आणि साहेब बोलावीपर्यंत माझ्याजवळ ताटकळत. एकदा त्यांनी नकळत माझ्या मडगार्डवर हात टेकला. साहेबाचा ड्रायव्हर खेकसला, “हात काढ! घामाचा डाग पडतो.” गुंडूरावांनी खिशातला रुमाल काढला आणि ती जागा स्वतः पुसली. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले. हा माणूस आता आपला झाला, हे मी त्याच वेळी ओळखले.

आठ वर्षांनी साहेब मायदेशी निघाला. तोपर्यंत नव्या विलायती मोटारी इकडे येणे जवळजवळ बंद झाले होते. साहेबाने मला निम्म्याहून कमी किमतीत काढले आणि गुंडूरावांनी घासाघीस न करता घेतले.

वापरलेल्या बड्या गाडीची भूल कशी असते, ते मला विचारा. नवी छोटी गाडी घेतली, तर लोक म्हणतात, चला, बरे चालले आहे यांचे. जुनी मोठी घेतली, की लोक काही बोलत नाहीत, निमूट बाजूला होतात. घेणाऱ्याला वाटते, निम्म्या किमतीत आपल्याला अख्खा साहेब मिळाला. पहिल्याच रविवारी चौकातल्या पोलिसाने सवयीने मला सलाम ठोकला. गुंडूरावांनी तो स्वतःच्या खिशात घातला आणि ड्रायव्हर यल्लाप्पाला सांगून त्याच चौकातून आणखी दोनदा गाडी नेली. तिसऱ्या खेपेला पोलिसाने तोंड फिरवले. मी मनातल्या मनात खूप हसले.

मल्लेश्वरमच्या घरी मला आणल्यावर गुंडूरावांनी पहिले काम काय केले? दुकानातले उत्तम पांढरे ड्रिल कापड आणून स्वतःच्या हाताने माझ्या गाद्यांना खोळी शिवल्या. एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात, असे तीन संच. कातडे झाकले गेले. त्यावर बसायची कोणाला मुभा नव्हती, घरच्या माणसांनाही नव्हती. मी सुखावले. जपणारा माणूस शेवटी मिळाला, असे मला वाटले.

घरात माणसे तीनच. गुंडूराव, त्यांची पत्नी सावित्रीबाई आणि एकुलती एक मुलगी नयना. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पहिल्या लांबच्या फेरीला आम्ही नंदीच्या डोंगरावर निघालो. वळणावळणाच्या चढावर नयनाला पेट्रोलच्या वासाने मळमळले आणि तिने खोळीवरच वांती केली. गुंडूरावांनी गाडी थांबवायला सांगितली. आधी खोळ उचलून कातडे पाहिले. ते कोरडे होते. मग मुलीला खाली उतरवले आणि रस्त्याकडेच्या विहिरीकडे बोट दाखवले.

“अहो, पोरीला उभं राहवत नाही,” सावित्रीबाई म्हणाल्या. “द्या, मी धुते.”

“जिनं घाण केली तिनं धुवायची.”

शेजारी एक बस थांबली होती. बसमधली माणसे खिडक्यांतून बघत होती, कोणी हसतही होते. नवे रेशमी परकर-पोलके घातलेली नयना विहिरीवर उकिडवी बसून खोळ घासत राहिली. मला तिची दया आली का? नाही. माझे कातडे वाचले, एवढाच विचार माझ्या मनात होता.

दोन वर्षांनी तिचे लग्न धारवाडच्या एका सुखवस्तू घरात ठरले. वरपक्षाची माणसे मुलगी बघायला आली आणि निम्मा वेळ मलाच बघत बसली. गुंडूराव सगळ्यांना सांगत, “गाडी दारात आहे म्हणून असलं स्थळ चालून आलं.” नयनाच्या समोर सांगत.

सन साठच्या भाद्रपदात नयना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, तेवढ्यात नवरात्र आले आणि नवमी उजाडली.

मित्रांनो, खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बंगळुरात त्या दिवशी मोटारी, जटके म्हणजे घोड्याचे टांगे, सायकली सगळे झेंडूने नटते. गुंडूरावांच्या घराण्यात रीत आणखी कडक. कात्र्या, टेप, शिवणयंत्रे देवापुढच्या पाटावर आली, की दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचे नाही. एकदा मांडवात उभ्या राहिलेल्या नवऱ्या मुलाचा कोट उसवला, तरी त्यांच्या आजोबांनी सुई उचलली नव्हती, असे घरात अभिमानाने सांगत. त्या वर्षी गुंडूरावांनी कात्रीच्या शेजारी माझी किल्लीही पाटावर ठेवली.

सकाळी मला न्हाऊ घातले. बॉनेटला केळीचे खुंट, चाकांखाली लिंबे, समोर कुंकू भरून फोडलेला कोहळा. आणि त्या दिवशी, तीन वर्षांत पहिल्यांदा, गुंडूरावांनी सगळ्या खोळी काढल्या. चारही दारे सताड उघडी ठेवली. गल्लीतली माणसे ओळीने येऊन बघून जाऊ लागली. एक बाई म्हणाली, “लोणी हो, अगदी लोणी!” गुंडूराव म्हणाले, “बघा, अक्का. हात तेवढा लावू नका.”

जेवणे आटोपली आणि आतून नयनाची किंकाळी आली. थोड्याच वेळात सावित्रीबाई तिला आधार देत पायऱ्यांवरून खाली घेऊन आल्या. तिचे लुगडे कमरेपासून भिजले होते, आणि ते नुसते पाणी नव्हते. दवाखाना मार्केटच्या पलीकडे होता. माझ्या चाकांनी पाव तासाची वाट.

यल्लाप्पा धावत आला. त्याने एका हिसड्यात माझ्यावरचे केळीचे खुंट उपटले. “यजमान, किल्ली द्या. बेग, बेग! लवकर!”

गुंडूरावांनी मुलीच्या लुगड्याकडे पाहिले. मग माझ्या उघड्या दाराकडे, मग गादीकडे. पुन्हा लुगड्याकडे. मी त्यांच्या समोरच होते, मला सगळे दिसले.

“किल्ली पूजेत आहे,” ते म्हणाले. “आज हत्यार उचलत नाहीत. जटका बघ.”

“अहो, पोरगी आहे आपली!”

“म्हणूनच सांगतो. देवाला डिवचून निघालो, तर तिलाच भोवेल.”

यल्लाप्पाने त्यांच्याकडे पाहिले. तो अडाणी होता, पण खुळा नव्हता. हलक्या आवाजात म्हणाला, “मी खोळ घालतो, यजमान. दोन-दोन घालतो.”

“खोळीचा काय संबंध?” गुंडूराव केवढ्याने तरी ओरडले. गल्लीतली माणसे वळून बघू लागली.

नयना माझ्या दाराला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. तिने माझ्या आत बघितले, आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, “अण्णा, मी वर बसत नाही. खाली पायाशी बसते.”

गुंडूरावांनी यल्लाप्पाला गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवले.

सावित्रीबाई लगबगीने देवघरात गेल्या. यल्लाप्पाला तिथे पाऊल टाकायची बंदी होती, नाहीतर त्यानेच किल्ली आणली असती. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी पाटावर हात नेला, तो किल्लीवर तसाच धरला आणि मागे घेतला. हातात काही न घेता त्या बाहेर आल्या. त्याही त्याच रीतीत वाढल्या होत्या.

आता माझे ऐका. रीत खरी होती. गुंडूरावांची भक्तीही खोटी नव्हती. पण त्या दुपारी त्यांना सोयीची म्हणून ती रीत आठवली, आणि हे त्यांना ठाऊक होते. मला कसे कळले म्हणाल, तर माझ्याही मनात तेच होते. माझ्या सायीच्या कातड्यावर ते रक्त मला नको होते. त्यांनी “जटका बघ” म्हटले आणि मला हायसे वाटले.

जटकेही सगळे पूजेत होते. यल्लाप्पा तास-दीड तास वणवण फिरला. शेवटी स्टेशनजवळचा एक म्हातारा जटकावाला तयार झाला. दाराशी येऊन त्याने घोड्याच्या गळ्यातला हार काढला, बाकावर स्वतःची घोंगडी अंथरली आणि म्हणाला, “पूजा उद्या परत करता येते, अम्मा. चढा.” नयना चढली. खडबडीत रस्त्याने जटका हेलकावे खात गेला. मी हार घालून दारात उभी राहिले.

मार्केटच्या अलीकडे जटक्यातच तिला मुलगा झाला. तो रडला नाही.

दुसऱ्या दिवशी गुंडूरावांनी दसऱ्याची पूजा केली, पाटावरची किल्ली उचलून डोळ्यांना लावली आणि मला दवाखान्यात नेले. अकराव्या दिवशी नयनाला घरी सोडले, तेव्हाही मीच गेले. माझ्यावर धुतलेल्या, इस्त्री केलेल्या खोळी होत्या. नयना दारापाशी थांबली.

“यल्लाप्पा, खोळ काढ.”

यल्लाप्पाने पुढच्या सीटवरच्या गुंडूरावांकडे पाहिले. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. यल्लाप्पाने खोळ काढली. नयना उघड्या कातड्यावर मधोमध बसली. मूल नव्हते, पण दूध आटले नव्हते. मल्लेश्वरमपर्यंत ते चोळी भिजवत पदराखालून माझ्या गादीवर ठिबकत राहिले. तिने एकदाही पुसले नाही. सावित्रीबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. घर आल्यावर नयना उतरली, वडिलांच्या काचेपाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अण्णा, घाण झाली. धुऊ का?”

ती धारवाडला परत गेली. पुढे दोन मुले झाली, पण दोन्ही बाळंतपणे तिने सासरीच केली. माहेरी ती पुन्हा आली नाही.

माझ्या गादीवरचा डाग फिकट होता, डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. वास मात्र गेला नाही. उन्हात उभी केली, की आंबूस वास सुटायचा. गुंडूरावांनी ओल्या फडक्याने पुसून पाहिले, चंदनाचे पाणी लावले, कापूर जाळला. मागे बसणे त्यांनी सोडून दिले. मग मला बाहेर काढणेच सोडले. जपणे मात्र चालूच होते. रोज सकाळी पुसत.

दोन वर्षांनी बाळेपेटेतले लाकडाचे व्यापारी जयसिंगराव मला विकत घ्यायच्या विचाराने बघायला आले. त्यांनी माझे दार लावले. आवाज ऐकला. पुन्हा उघडून पुन्हा लावले. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला पाठ होता. आत वाकून त्यांनी कातड्यावरून हलकेच हात फिरवला आणि नाक मुरडले.

“वास कसला हो?”

“दूध सांडलं होतं,” गुंडूराव म्हणाले.

“जाईल ना?”

“जाईल. खोळी घाला.” असे म्हणून त्यांनी घरातून तिन्ही संच घडी करून आणून दिले. त्यांचे काही घेतले नाही.

जयसिंगरावांबरोबर त्यांची सहा वर्षांची मुलगी आली होती. ती आनंदाने आत चढायला गेली. तिच्या दंडाला धरून त्यांनी तिला ओढले. “चप्पल काढ आधी! पाय बघू तुझे.”

मित्रांनो, अशा हकिगतीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून म्हणायचे असते, की आम्हाला जपा. मी ते म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाची तरी वापरलेली मोठी गाडी बघाल, दार लावून आवाज ऐकाल आणि भुलाल. खुशाल भुला, खुशाल घ्या. पण घरचे माणूस दाराशी आले तर त्याला आधी आत घ्या, मग त्याच्या पायाला चिखल असो, की अंगावर रक्त. माझ्या गादीचे कातडे एका मेलेल्या जनावराचे आहे. त्याला काही दुखत नाही.