यादीतलं दहावं नाव

पाच वाजता प्रवेशाचं पोर्टल बंद होणार होतं आणि बी.ए. मराठीच्या यादीत नऊच नावं होती. दहा झाली नाहीत तर विषय बंद, आणि विषयाबरोबर मीही. मी अतिथी विद्वान, म्हणजे एकेका वर्षाच्या नेमणुकीवरची प्राध्यापक. नाव केवढं भारदस्त! बारा वर्षं शिकवतेय, तरी दर जुलैत नव्याने पाहुणी.

निवडणुकीच्या वर्षी हिंदी मुलखातलं आमचं सरकारी कॉलेज जुन्या विद्यापीठातून काढून नव्याला जोडलं. नव्याला स्वतःची इमारत नाही, पण दहाचा नियम तेवढा पहिल्या दिवसापासून तयार. त्यात वारासिवनीच्या रस्त्यावर एका राईस मिलवाल्याने खाजगी विद्यापीठ काढलं. त्यांची गाडी गावोगाव फिरून मुलांना बॅगा वाटते. आम्ही काय वाटणार, व्याकरण?

म्हणून मी स्कूटीवर खैरलांजीकडच्या एका गावात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. तिथली बारावी झालेली अंजू मराठी घ्यायला तयार होती. पण ओटीपी येणार तिच्या बापाच्या मोबाईलवर, आणि भैयालाल तो मोबाईल खिशात घालून शेतात धानाच्या रोवणीला गेलेले. अंजू बांधावरून हाका मारत धावली. मी ओसरीत बसून घड्याळ बघत होते.

साडेचारला भैयालाल आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"भाऊ, नंबर आला की फक्त सांगा," मी म्हटलं. फॉर्म माझ्या मोबाईलवर उघडाच होता.

"सांगतो ना. पन मराठी शिकून पोरगी काय करन, मॅडम?"

मग मी सुरू झाले. आपली भाषा, आपलं घर, पोरं हिंदीतच बोलायला लागली, आपणच नाही शिकवलं तर कोण शिकवणार. खोटं नव्हतं ते. भैयालाल मान हलवत होते.

"हौ, सही बात हाये," ते म्हणाले. "तुमाले किती लेकरं?"

"एकच मुलगी. दीपिका."

"थे बी मराठीच शिकून राह्यली असन?"

पावणेपाच. हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? जीभ उचललीही होती. पण अंजू समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही," मी म्हटलं. "ती बी.सी.ए. करते. त्या मिलवाल्यांच्या विद्यापीठात."

भैयालाल पायावरचा चिखल खरवडू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तिले मराठी नव्हती घ्याची का?" अंजूने विचारलं.

"घ्यायची होती. मीच घेऊ दिली नाही."

"फॉर्म कोनं भरला?"

"मीच."

अंजूने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मॅडम, मले बी तोच भरून द्या."

मला तिची चीड आली. दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. पोर्टलवर सगळ्याच कॉलेजांची नावं होती, खाजगीसुद्धा. मराठी काढलं, मिलवाल्यांचं विद्यापीठ शोधून बी.सी.ए. टाकलं. भैयालालांनी आलेला नंबर एकेक आकडा सांगितला, मी टाकला.

पाचला दोन मिनिटं कमी होती. बटण मीच दाबलं.