तिसरं पत्र

“तुझ्याकडूनच आलंय. तूच वाच,” म्हणत ग्लेनने लिफाफा लिनेटपुढे धरला.

ती बेकरीच्या मागच्या दाराशी उभी होती. हाताला पीठ, डोक्याला जाळी. चार महिन्यांपूर्वी बारा वर्षांच्या टेगनला घेऊन तिने घर सोडलं होतं.

“पत्र तुला आलंय, ग्लेन.”

“पण वर तुझं नाव आहे. तेवढं ओळखतो मी.”

एकवीस वर्षांच्या संसारात ग्लेनचं सगळं वाचन तिनेच केलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या चार्लव्हिल गावाच्या आसपास मेंढ्यांच्या कुरणांवर त्याने बसवलेले पंप चालत होते. नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा. पण त्याला अक्षर लागत नाही, हे त्या दोघांपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. टेगनलाही नाही.

त्याच्या गाडीत बसून तिने पत्र वाचलं. घटस्फोटानंतर मुलीने कोणाकडे कधी राहायचं, हे कोर्टाऐवजी मध्यस्थासमोर बसून ठरवायला तुम्ही तयार आहात का? शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर नकार समजला जाईल.

आज गुरुवार होता.

“हे तिसरं पत्र,” ती म्हणाली. “पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. मला वाटलं, कोणाकडून तरी वाचून घेतली असशील, तरी तुला पोरगीच नकोय.”

“त्यांच्यावर तुझं नाव नव्हतं. वाटलं, नगरपालिकेचं काहीतरी असेल. शेडमध्ये पडलीत तशीच.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “टेगन माझा फोनसुद्धा उचलत नाही.”

“बाबांनी उत्तर दिलं नाही, एवढंच तिला माहितीये.”

ग्लेनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

“कामावरचा मर्व म्हणतो, सरळ कोर्टात जा. वकील वाचेल, वकील बोलेल. आपण दगडासारखं बसायचं.”

“तीन संसार मोडलेत मर्वने. त्याचा सल्ला घेतोस?”

“अगं, तिथे कागद पुढे सरकवतील! ‘वाचा आणि सांगा’ म्हणतील. काय सांगू? चष्मा विसरलो? तू बसशील ना शेजारी?”

“मी समोर असेन, ग्लेन. आता नाही वाचता येणार मला तुझ्यासाठी.”

“मग तू सांगून टाक त्यांना. माझं.”

“नाही. इतकी वर्षं कोणाजवळ बोलले नाही, आताही बोलणार नाही. ते तुझं तू सांग.” तिने त्याच्या फोनसाठी हात पुढे केला. “कोर्टात वर्ष जाईल. तोवर तिला तुझ्याविना सवय होईल.”

तिने त्यावर पत्रातला मध्यस्थी कार्यालयाचा नंबर लावला आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला. पलीकडच्या मुलीने त्याचं नाव विचारलं, तयारी आहे का विचारलं. तो हो म्हणाला.

“माहिती ईमेलने पाठवू की पोस्टाने?”

ग्लेनच्या कपाळावर घाम आला. लिनेटने खिडकीकडे तोंड वळवलं.

“कशानेच नको,” तो म्हणाला. “मला वाचता येत नाही.”

पलीकडून ती मुलगी सहज म्हणाली, “चालेल. आम्ही सगळं वाचून दाखवू.”

तीन आठवड्यांनी ते मध्यस्थ बाईंसमोर बसले. टेगनचं लवकर ठरलं: एकाआड एक शनिवार-रविवार ती ग्लेनकडे राहील. मग बाईंनी, घर का सोडलं ते लिनेटने लिहून दिलेलं पान उचललं.

घरी कागद वाचताना लिनेट मध्येच अडखळायची आणि मग घाईने पुढे जायची. त्याच्या मनाला लागेल असं ती गाळत होती, हे ग्लेनला आज कळलं. या बाई काहीच गाळत नव्हत्या.

“‘त्याची लाज झाकायची म्हणून मी कधी कोणाला घरी बोलावलं नाही,’” त्या वाचत होत्या. “‘मला मैत्रीण उरली नाही. मी थकले.’”

लिनेट टेबलाकडे बघत होती. बाई थांबल्या.

“पुढे वाचू का, मिस्टर हॉस्किन?”

ग्लेनने हात मांडीवर सरळ ठेवले.

“वाचा,” तो म्हणाला. “सगळं वाचा.”